तपासताना तोंड बंद

दोन मार्क म्हणजे नेमकं काय, हे वकिलाने सकाळपासून इतक्या परींनी समजावून सांगितलं होतं की आत्याला आता त्या आकड्याचीच शिसारी यायला लागली होती. दोन मार्क म्हणजे तपासणाऱ्याची एक जांभई. दोन मार्क म्हणजे त्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलेलं असणार. "सहाशेपैकी तीनशे हवेत आणि पोरीला दोनशे अठ्ठ्याण्णव? हा निकाल नाही, हा खोडसाळपणा आहे!" असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली आणि चहाचे कप बशांत खणखणले.

वकील हा तिघा भावंडांतला धाकटा. कोर्टात तो फारसा बोलत नसे, सगळं बोलणं घरच्यांसाठी राखून ठेवी. मधला डॉक्टर. त्याला बायकोसुद्धा डॉक्टरच म्हणे. आणि सगळ्यांत थोरली आत्या, जी खरं तर एकट्या मुंगीची, डॉक्टरच्या मुलीची, आत्या. पण खालच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी बावन्न वर्षं बसल्यामुळे पोस्टमनपासून पेशंटच्या सासऱ्यांपर्यंत सगळा रस्ता तिला आत्याच म्हणत होता.

संताप तिलाही कमी नव्हता. काल संध्याकाळी परवान्याच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा घरात सगळ्यांत चढा आवाज तिचाच होता. परीक्षा मंडळाच्या सात पिढ्यांचा तिने उद्धार केला होता. सहा वर्षं पोरीने डोळ्यांची बुबुळं झिजवली, वर्षभर मोठ्या इस्पितळात उभ्याने जेवली, आणि कोण कुठला एक कागदावर खुणा करणारा माणूस तिला सांगणार की बाई, तू डॉक्टर नाहीस! नुसत्या आठवणीने तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

शिवाय वेळ अशी की पुढे ढकलायला जागा नाही. डॉक्टरच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. अजून तीन महिने वाचायचं नाही, वाकायचं नाही, पेशंट बघायचे नाहीत. दवाखाना बंद होता. मुंगी पास होईल आणि सोमवारी बापाच्या खुर्चीत बसेल, हे इतकं गृहीत होतं की दारावर तशी पाटीही लावून झाली होती. आणि आज रविवार.

मुंगी टेबलाच्या टोकाला बसून पावाच्या कडा खुडत होती. लहानपणी कापसाचे बोळे एकेक करून डब्यातून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन रांगेत मांडायची, म्हणून मुंगी. काल संध्याकाळपासून ती रडली नव्हती की रागावली नव्हती. घरचे एवढे पेटलेले असताना जिची परीक्षा तीच गप्प, हे आत्याला बरं दिसत नव्हतं.

"गुणपत्रक वाच रे मोठ्याने," डॉक्टर म्हणाला. काळ्या चष्म्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते कळत नव्हतं. "एकेक बघू. कुठे खाल्लेत ते कळलंच पाहिजे."

वकिलाने कागद झटकला. "लेखी, उत्तम. हृदय, वीसपैकी सोळा. जखमेची शिवण, सतरा. पोटाची तपासणी..." तो थांबला. "वीसपैकी सहा."

"सहा?" डॉक्टरच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातातली किटली तशीच राहिली. "पोट? अहो, पोट तर या घराचं पाठ!"

"चुकून झालं असणार. सोळाचे सहा झाले असतील. तेवढ्यावर मी यांना उभं-आडवं..."

"सोळाचे सहा नाही झाले, काका," मुंगी म्हणाली. "सहाच आहेत. मी बोलले नाही."

"बोलली नाहीस म्हणजे?"

"दाराबाहेर सूचना लावली होती. करताय ते सगळं मोठ्याने सांगा. कुठे हात ठेवला, काय लागतंय, दुखतंय का विचारलं, त्यावरून काय वाटतं. दोनदा वाचली मी ती. आत गेले, नाव सांगितलं, हात धुतले, हे सगळं बोलले. मग पोटावर हात ठेवला आणि तोंड मिटलं. आपोआप. सगळं बरोबर तपासलं, बाबा. पण तो माणूस माझ्या ओठांकडे बघत बसला होता आणि मी ते उघडलेच नाहीत. घंटा वाजल्यावर कळलं."

मग डॉक्टर असा उसळला की खुर्ची मागे सरकली.

"म्हणजे नीट तपासलं म्हणून नापास केलं! ऐकलंत का? माझ्या पोरीला शिस्त आहे म्हणून नापास! बडबडायला ती काय लिलाव पुकारत होती? तपासताना तोंड बंद. तिच्या आजोबांनी, अप्पांनी घालून दिलेला नियम आहे हा. रोग्याला हात लावला की जीभ दातांच्या आत. हाताला ऐकू येऊ दे! अप्पांच्या हाताखाली पडलेल्या माणसाला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आणि ह्या कालच्या पोरांनी खुणा करायचे कागद काढलेत!"

"हाच मुद्दा घेतो मी अर्जात," वकिलाला एकदम हुरूप आला. "तपासणीची कौटुंबिक परंपरा. तीन पिढ्यांची!"

"घ्याच," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, तुम्ही सांगा ना. तुम्ही तर अप्पांच्या शेजारी उभ्या राहिल्यात."

सगळे आत्याकडे बघायला लागले. काल संध्याकाळपासून तोंडाचा पट्टा चालवणारी आत्या आता कपाची कड बोटाने पुसत होती.

"अर्जाचा निकाल किती दिवसांनी?" तिने विचारलं.

"दोन महिने. नाहीतर पुढची परीक्षा पाच महिन्यांनी."

"आणि उद्याचं काय?"

उद्याचं काय, यावर मंडळींचं एकमत होईना. वहिनींचं म्हणणं, बदली डॉक्टर ठेवावा. त्या घाबरत घाबरत म्हणाल्या, "समोरच्यांना विचारलं तर? सकाळचे दोन तास..." आणि त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा डॉक्टर. नाव त्याला होतं, पण या घरात ते अठरा वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. तो पूर्वी इथेच मदतनीस होता. एकदा त्याने भागीदारीचं विचारलं, डॉक्टरने त्याला ही खुर्ची घरच्यांची आहे असं सुनावलं, आणि तो नाकावर टिच्चून बरोबर समोर जाऊन बसला. रविवारीसुद्धा उघडा ठेवतो, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुन्हा.

"त्या खुर्चीत बाहेरचा माणूस बसणार नाही," डॉक्टर म्हणाला. "माझा जीव गेला तरी नाही."

"जिवाचं कशाला काढता सकाळी सकाळी," वहिनी पुटपुटल्या.

"उद्या मुंगीच बसेल." त्याने पायाशी ठेवलेली पिशवी चाचपली आणि त्यातून चिठ्ठ्यांची पॅडं काढून टेबलावर ठेवली. एक, दोन, चार. "पहाटेपासून बसलो होतो. सगळ्यांवर सह्या केल्यात. नाव माझं, सही माझी. औषध ती लिहील. मी वर आहेच. अडलं तर जिना चढून यायचं."

आत्याने वरचं पॅड ओढलं. कोरी चिठ्ठी आणि तळाशी सही. डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे सही तिरकी होऊन कागदाबाहेर पळत होती. पुढची चिठ्ठी तशीच. त्याच्या पुढचीही.

आता वकील तरी नाही म्हणेल असं तिला वाटलं. निदान धंद्याची लाज म्हणून. पण वकिलाने हनुवटी खाजवली. "तसं बघायला गेलं तर... देखरेखीखाली काम म्हणता येईल. शिकाऊ. माणूस वर आहे, हजर आहे. कुणी विचारणारच नाही, दादा. दोन मार्कांनी डॉक्टर आणि दोन मार्कांनी गुन्हेगार, असं थोडंच असतं?"

"तेच तर! तिला येत नाही का? सगळं येतं!" वहिनींनीही बाजू बदलली. समोरच्याचं नाव काढल्याबद्दलची भरपाईच करत असाव्यात. "पेशंट रोज बेल वाजवताहेत. त्यांना काय सांगू? आणि मुंगे, अन्याय तुझ्यावर झालाय. आपण का सोसायचा?"

मुंगीने पाव खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण नाही म्हणायला जे बळ लागतं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती आत्याकडे बघत होती. घरात कुठेही अडलं की ती आत्याकडेच बघत आली होती.

"उचल ती पॅडं," आत्या म्हणाली.

"ताई?"

"उचल म्हणते ना! माझ्या डोळ्यांसमोरून ने ती. असल्या चिठ्ठ्या मी एकोणीस वर्षं मोजल्यात. दर महिन्याला दोनशे. त्या डॉक्टरच्या घरून आणायचं काम माझं होतं, पिठाच्या पिशवीत घालून."

"कुठल्या डॉक्टरच्या?"

"ज्याचं नाव दारावर होतं त्याच्या. अप्पांच्या नावाच्या वर. तो म्हातारा घरी अंथरुणावर पडून सह्या करायचा आणि इकडे अप्पा पेशंट बघायचे."

डॉक्टर हसला. हसू काही जमलं नाही. "काहीतरी बोलू नकोस. अप्पांनी जुना कोर्स केला होता. सर्टिफिकेट लावलंय खाली."

"केवढं उंच लावलंय ते पाहिलंस कधी? कुणाला वाचता येऊ नये इतकं. औषधं मोजून बाटलीत भरायच्या परीक्षेचं आहे ते. अप्पा कंपाउंडर होते. तू शिकायला बाहेर होतास, हा वकील शाळेत होता. त्या टेबलाशी मी उभी होते."

वकिलाने गुणपत्रकाची घडी घातली.

"हात चांगला होता त्यांचा," आत्याचा आवाज चढायला लागला होता, आणि चढतोय तर चढू दे असं तिला वाटत होतं. "खोटं नाही सांगत. पुष्कळ लोक बरे झाले. पण एकदा दोरखंडवाल्याची बायको आली, पोट धरून. अप्पांनी पोट दाबलं. नवरा विचारत राहिला, काय आहे, काय आहे? अप्पा काही बोलले नाहीत. पाचक दिलं आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या दिवशी अप्पा खाली औषधांच्या कपाटामागे बसले होते. मला म्हणाले, बाई, हाताला लागलं होतं गं. पण त्याला म्हणतात काय? मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहू तरी काय? नाव माहीत नव्हतं त्यांना! शिकवलंच नव्हतं कुणी. म्हणून बोलत नव्हते. पुढे कुणी काही विचारलं की ओठांवर बोट ठेवायचे, आणि लोकांना वाटायचं, काय हा अधिकार! तो नियम नव्हता रे. ती लाज होती. आणि आपण तिची शिस्त करून पोरीच्या गळ्यात बांधली."

वहिनी हळूच खाली बसल्या. डॉक्टरने चष्मा काढला, लाल झालेले डोळे चोळायला हात नेला, आणि चोळायचे नाहीत हे आठवून तो तसाच धरून ठेवला.

"आत्या," मुंगी म्हणाली. "मी पाच वर्षांची होते. तू मला स्टुलावर उभं केलंस आणि ओठांवर बोट ठेवायला शिकवलंस. बाबांनी नाही. तू."

"हो."

"हे सगळं माहीत असून?"

"हो."

"का?"

आत्याने कप बशीत ठेवला. "तोवर मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. "सगळे इतकं कौतुक करायचे."

"कौतुक!" मुंगी उभी राहिली. काल संध्याकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी काल रात्रभर स्वतःला शिव्या घालत होते! मला वाटलं मी मठ्ठ आहे, सूचना वाचून विसरले! आणि तुम्ही सगळे मंडळावर ओरडताय. मंडळाने काय केलं? बोला म्हणून लिहिलं होतं त्यांनी. दोन मार्क त्यांनी नाही खाल्ले, काका. या घराने खाल्ले. आणि वरून उद्या मला त्याच खुर्चीत बसवताय, तसल्याच कागदांवर! मलाही कपाटामागे बसून रडायला लावायचंय का?"

"मुंगे, बापाशी बोलतेस," वहिनी म्हणाल्या.

"मग कुणाशी बोलू, आई?"

तेवढ्यात खाली बेल वाजली. एकदा, मग लगेच पुन्हा.

डॉक्टर सवयीने उठला आणि गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून खाली बसला. "जा," तो कळवळून म्हणाला. आता त्यात हुकूम नव्हता, विनवणी होती. "अगं, पेशंट आहे. एवढा एक बघ. एकच. मग काय तो निर्णय घेऊ."

मुंगी जिना उतरली. आत्या तिच्या मागोमाग. पाय तिचे दुखत होते, पण आज तिला वर थांबवेना.

दाराशी शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, कोपऱ्यावरच्या. चेहरा पांढराफटक, एक हात उजव्या कुशीला. "सोमवार म्हणून पाटी वाचली मी," त्या आत येत म्हणाल्या, "पण पोटाला काही वाचता येत नाही." आणि कुणी सांगायच्या आधीच, वर्षानुवर्षांच्या सवयीने, पिशवी खुंटीला अडकवून त्या तपासायच्या टेबलावर आडव्या झाल्या.

मुंगी टेबलाशी उभी राहिली. आत्याला तिची पाठ दिसत होती. पोरीचे हात पुढे गेले आणि अर्ध्यावरच थांबले. हे हात काय शोधतील ते तिला माहीत होतं. त्याला काय म्हणतात तेही माहीत होतं. अप्पांना जे नव्हतं ते सगळं तिच्याजवळ होतं, दोन मार्क सोडून. वर जिन्याच्या तोंडाशी डॉक्टरच्या सपाता वाजल्या.

"बाई," मुंगी म्हणाली, "मी डॉक्टर नाही."

"म्हणजे?"

"परवान्याची परीक्षा नापास झाले. दोन मार्कांनी."

"दोनच ना? मग दोन मार्कांएवढं पोट नका बघू, बाकीचं बघा."

आत्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. मुंगी मात्र हसली नाही. तिने बाईंना हात देऊन उठवलं. "कधीपासून दुखतंय? आधी कुठे होतं? उलटी झाली का? चालताना जास्त होतं का?" विचारत विचारत तिने त्यांना दारापर्यंत आणलं आणि उंबरा ओलांडला.

"मुंगे!" वरून डॉक्टर ओरडला. कुठे चाललीय हे न दिसताही त्याला कळलं होतं. "त्याच्या दारात पाय ठेवलास तर... मुंगे! ताई, अडव तिला!"

आत्याने अडवलं नाही. दोघी रस्ता ओलांडत होत्या, बाई वाकून आणि मुंगी त्यांच्या कमरेला हात घालून. समोरचा पायरीवर आला. अठरा वर्षांत केस पांढरे झाले होते त्याचे. हे आत्याने रोज पाहूनही आज पहिल्यांदा पाहिलं. मुंगी त्याला भराभर सांगत होती, "दुखणं कालपासून, आधी बेंबीपाशी, आता उजवीकडे खाली, दोन उलट्या, पाऊल टाकलं की कळ येते. मला अपेंडिक्स वाटतंय. हात लावलेला नाही, मला परवाना नाही." मग त्याने दोन्ही दारं उघडली.

खुंटीवर बाईंची पिशवी तशीच राहिली होती. आत्याने ती घेतली.

"ताई," डॉक्टर जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून उभा होता. त्याच्यामागे वकील, वकिलामागे वहिनी. "तू कुठे निघालीस?"

"पिशवी द्यायला."

"तुझी वहिनी देईल. तू नको जाऊस."

"मीच जाणार आहे. आणि ऐक. तुझ्यावर राग नाहीये माझा. तुला कुणी सांगितलं नाही, ती माझी चूक. पण त्या चिठ्ठ्या मी येईपर्यंत फाडलेल्या दिसल्या पाहिजेत. दिसत नसलं तर वकिलाला धर मदतीला. त्याला कायदा येतो म्हणे."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. रस्ता असा कितीसा रुंद, वीस पावलं. पण पलीकडच्या पायरीवर चढेपर्यंत तिला धाप लागली. आत पडद्यामागे बाई टेबलावर होत्या, समोरचा त्यांचं पोट तपासत होता आणि मुंगीला एकेक सांगत होता. मुंगी इस्पितळाला द्यायची चिठ्ठी तो सांगेल तशी लिहून घेत होती, त्याच्या सहीची जागा मोकळी ठेवून. त्याने वर पाहिलं.

"या, आत्या," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे तिला जास्त अवघड झालं.

"आधी त्यांचं बघा," आत्या म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन पेशंटच्या बाकावर बसली.

इस्पितळाची गाडी आली, बाईंना घेऊन गेली. जाताना बाईंनी मुंगीचा गाल कुरवाळला. मग समोरचा हात पुसत बाहेर आला आणि आत्यासमोर उभा राहिला. मुंगी दाराला टेकून होती. तिचा राग अजून गेला नव्हता, तो जायला वेळ लागणार होता, आणि आत्याला ते कबूल होतं.

"उद्यापासून सकाळचे दोन तास," आत्या म्हणाली, "आमच्याकडे बसाल का? त्या खुर्चीत. आमची मुलगी पास होईपर्यंत."

त्याने खिडकीतून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या दारात काळा चष्मा लावलेला एक माणूस चौकटीला धरून उभा होता.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"नाही," आत्या म्हणाली. "मी तुम्हाला विचारतेय."